मिठाला बांधलेला फेटा

जळकोटात सत्कार करून घ्यायला माणसाला फार काही करावं लागत नाही. पोरगा तलाठी झाला, सत्कार. कुणी नवा जेसीबी आणला, त्याच्या बकेटात उभं करून सत्कार. एकाची म्हैस मरता मरता उठली, तर ढोरांच्या डॉक्टरला हायवेच्या कडेला मांडव घालून फेटा बांधला. म्हशीलाही बांधणार होते, तिनं शिंग उगारलं म्हणून राहिलं. ग्रामपंचायतीचे सदस्य भागवतराव यांच्या घरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी फेट्याचं कापड बारमाही तयार असतं. ऐनवेळी उमरग्याला कुठं पळायचं?

अशा गावात योगीराज इतकी वर्षं बोडक्या डोक्यानं राहिला, हेच नवल.

योगीराज म्हणजे मेंढरंवाल्या बलभीमअण्णांचा पुतण्या. आई तान्हेपणीच गेली. वाढवलं थोरल्या चुलतीनं, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, धुरपताबाईनं. तिला तो मोठाई म्हणतो. मेंढरांमागं पुस्तक वाचत वाचत पोरगं रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालं आणि हैदराबादच्या पलीकडं एका औषधाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत लागलं. गावी आला की लोक कौतुकानं विचारत, "तिकडं नेमकं काय करतूस रं?" आणि तो सांगायला लागला की दुसऱ्याच वाक्याला ऐकणाऱ्याला रानातलं काम आठवे.

शेवटी त्यानं गावाला पचेल असं सांगायची युक्ती काढली. विरुपाक्षच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून तो म्हणे, "काही औषधं सुईतनंच द्यावी लागतात बघ. गिळली तर पोट त्यांना भाकरीगत पचवून टाकतं. पेप्टाइड म्हणतात त्यांना. मण्यांची माळ असती तशी लांब अन् पिळा पडलेली. त्याची गोळी करायची खटपट चाललीय. पोटातनं वाचवायचं काम दुसऱ्यांचं. माझं काम त्याच्या आधीचं. त्याला दाणा धरवायचा."

"दाणा?"

"तूप रवाळ होतं न्हाय का? काकवीला दाणा धरतो न्हाय का? तसे खडे, स्फटिक. भुकटी राहिली तर हे औषध हवेतला ओलावा पितं, सादळतं, नासतं. दाणा धरला की कोरडं, टिकाऊ, गोळीत बसायला गुणी. पण ही माळ लई वळवळी. रांगेत उभीच राहत न्हाय. भांड्यात नुसता चीक होऊन बसतो."

"म्हंजी पगार तू तूप रवाळ करायचा घेतूस," विरुपाक्ष म्हणे.

यावर योगीराजची बायको ज्ञानेश्वरी सांगे, "भाऊजी, घरचं तूप कढवायला सांगितलं तर करपवत्यात."

आता यातली खरी गोम सांगायची तर मोठाईची सांगावी लागते. तिला साखरेचा आजार. रोज सकाळी भाकरीच्या आधी पोटाला सुई. नजर अधू झालेली, त्यामुळं सुई बलभीमअण्णा टोचायचे. मेंढराच्या अंगात रुतलेला काटा काढावा तसे, ओठ चावून. योगीराज आला की तिचा एकच सवाल, "माझी सुई कवा जानार रं, राजा?" आणि त्याचा एकच जबाब, "बघू, मोठाई."

खरं म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतंच. मोठाईच्या सुईत इन्सुलिन होतं, आणि योगीराज ज्याला दाणा धरवत होता ते औषध निराळंच होतं. रोग एक, औषध दुसरं. त्याची गोळी उद्या झाली असती तरी मोठाईची सुई जाईलच असं नव्हतं. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण आपल्याकडं आशेनं बघणारे डोळे माणसाला गोड लागतात. आशा चुकीच्या पत्त्यावर आली म्हणून परत कोण पाठवतं?

तर एक दिवस झालं असं, की सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवली आणि योगीराज खुर्चीतनं उठलाच. खडे! चकचकीत, टोकदार, एकमेकांना खेटून बसलेले. महिनोन् महिने चीक बघून विटलेल्या माणसाला हे दिसलं तर त्यानं काय करावं? शहाण्यानं ते खडे आधी पत्र्यावर तापवून बघावेत. औषध असेल तर जळून काळं पडतं. मीठ असेल तर तसंच राहतं. कारण त्या भांड्यात औषधाबरोबर मीठही असतं, पाण्याचा आंबटपणा ताब्यात ठेवायला घातलेलं; आणि कधी कधी औषध रुसून बसतं आणि मीठच नटूनथटून पुढं येतं. या धंद्यात नव्या पोरांनाही हे पहिल्याच आठवड्यात बजावतात. योगीराज स्वतः बजावायचा.

त्यानं खडे तपासणी विभागाकडं पाठवले, हे खरं. पण निकाल यायच्या आधी त्यांचा फोटो मोबाईलमध्ये काढला आणि विरुपाक्षला पाठवला. खाली एकच शब्द लिहिला : "जमलं!"

विरुपाक्षच्या हाती फोटो पडणं म्हणजे सरकीच्या पोत्यात ठिणगी. संध्याकाळपर्यंत हायवेला फ्लेक्स लागला. एका बाजूला योगीराज, कॉलेजातल्या ओळखपत्रावरचा, गाल गोरे केलेले. दुसऱ्या बाजूला ते खडे, निळ्या रंगात बुडवून मागं सूर्याची किरणं सोडलेले. मधे ओळ : "पळवून लावी सुई, घेऊन येई गोळी, जळकोटच्या लेकाची कीर्ती निराळी." भागवतरावांनी फेट्याचं कापड बाहेर काढलं आणि फोन लावला, "योगीराज, रविवारी यायचं. सपत्नीक. न्हाय म्हनायचं न्हाय."

तो नाही म्हणाला नाही.

रविवारी गाडी उमरग्यात चहाला थांबली आणि फोन वाजला. तपासणी विभागातल्या मॅडम होत्या. सुट्टीच्या दिवशी फोन करतायत म्हटल्यावर त्यानं तो घाईनं उचलला.

"सर, ते औषध नाही."

"मग?"

"मीठ आहे. शुद्ध आहे मात्र. इतकं शुद्ध मीठ मी बघितलं नाही."

ज्ञानेश्वरीनं नवऱ्याचा चेहरा बघून कपातला चहा खाली ठेवला. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "गाडी वळवा. ताप आलाय म्हणून सांगते मी."

"लोक मांडवात बसले असतील."

"मग मांडवात सांगा."

"बघू," योगीराज म्हणाला. या माणसाला त्याचं "बघू" कुठं कुठं घेऊन गेलं!

मांडव भरलेला. हलगी. मुलींनी ओवाळलं. भागवतरावांनी स्वतः फेटा बांधला, असा घट्ट की कानशिलं उडायला लागली. मग ते माइकवर म्हणाले, "लोक म्हणत्यात मराठवाड्यात काय पिकतं? अहो, हे बघा काय पिकलंय! आमच्या मेंढराच्या वाड्यातनं शास्त्रज्ञ निघाला!" टाळ्या. पहिल्या रांगेत मोठाई, नव्या हिरव्या लुगड्यात, गळ्यात कवड्यांची माळ. ती तुळजाभवानीची आराधी. सणावारालाच घालायची माळ तिनं आज घातली होती. शेजारी कोंडाबाई, आराध्यांच्या मेळ्याची म्होरकी, जिच्या जिभेला गावातले पंचही वचकून असतात.

योगीराज बोलायला उठला तेव्हा वाक्य तोंडात तयार होतं : अजून तपासणी बाकी आहे. खोटं नाही, खरंही नाही, पण निदान अंग चोरून निघून जाण्यासारखं. तेवढ्यात त्याची नजर मोठाईवर पडली. ती त्याच्याकडं अशी बघत होती की जणू फेटा तिलाच बांधलाय. आणि तयार वाक्य कुठल्या कुठं गेलं. तो म्हणाला, "मोठाई, तुझी सुई आता गेलीच म्हणून समज."

मांडव उठला टाळ्यांनी. ज्ञानेश्वरी तेवढी आपल्या चपलांकडं बघत बसली. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. हा गडी पंचपक्वान्नं खाऊन, हार घालून, शाल पांघरून त्याच रात्री हैदराबादला निघून गेला.

पुढं प्रयोगशाळेत पुन्हा भांडी, पुन्हा चीक. वरच्या साहेबांनी मिठाबद्दल शब्द काढला नाही. असं होतं, म्हणाले. त्यानं तर आणखीच लाज वाटली, कारण साहेबांना मिठाचंच ठाऊक होतं, फेट्याचं नव्हतं. गावचा फोन आला की तो दोनदा वाजू देई. कुणी गोळीचं विचारलं की "चाललंय" म्हणे. ज्ञानेश्वरी रोज एकच म्हणे, "मोठाईंना तरी सांगा." तो म्हणे, "समोरासमोर सांगतो." आणि समोर जायचं टाळी.

एक दिवस विरुपाक्षचा फोन आला. आवाजात नेहमीची फिरकी नव्हती.

"लेका, तुझी मोठाई लई वाळलीय. पाणी पिऊन पिऊन पोट फुगतंय म्हन. पायाच्या अंगठ्याला जखम हाय, भरंना."

"का? सुई चालू हाय ना?"

"सुई? तुला ठाऊक न्हाय व्हय? तुझ्या सत्काराच्या दुसऱ्या मंगळवारी मेळ्याबरोबर तुळजापूरला गेली. ओटी भरली, अन् सुई खणात गुंडाळून देवीच्या पायरीवर सोडून आली. 'आई, लेकानं माझी सुई घालवली, ही तुझ्यापाशी सोडली,' म्हनली. आता डॉक्टर ओरडतोय, अण्णा ओरडून मेंढरं घेऊन कर्नाटकाकडं गेले, पर ती ऐकंना. सोडली ती सोडली म्हनती."

आमच्याकडं देवीपाशी एखादी वस्तू सोडली की ती पुन्हा धरत नाहीत. कुणी वांगं सोडतं, कुणी तंबाखू. सुई सोडणारी मोठाई पहिलीच. आणि ती तशी का सोडली, हे हैदराबादेत फोन कानाला लावून उभ्या असलेल्या एका माणसाला चांगलंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो गावात उतरला तो हायवेच्या चौकात नव्हे, अलीकडं वळणावर. फ्लेक्स अजून होता. उन्हानं त्यावरच्या योगीराजचे गाल विटले होते, खडे मात्र निळेच्या निळे. मागच्या आळीनं तो घरी आला. वाटेत नळदुर्गच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून झालं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं : सुई लगेच सुरू झाली नाही तर अंगठा जाईल, आणि मग अंगठ्यावर भागेल याची हमी नाही. दुकानातनं नवी सुई घेतलेली खिशात होती.

मोठाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. गालाची हाडं वर आलेली. त्याला बघून चेहरा उजळला. हे उजळणं त्याला अंगठ्याच्या जखमेपेक्षा वाईट दिसलं.

"आलास व्हय राजा? गोळी आनली?"

"मोठाई, गोळीला जरा वेळ लागंल. तवर सुई घे."

"लागू दे की येळ. म्या थांबते."

"लई वेळ लागंल. वर्षं लागत्याल."

"मग लवकर का न्हाय म्हनलास? बरं, ऱ्हाऊ दे. देवीची वस्तू हाय ती. आता तिच्या हातात."

त्यानं डॉक्टर सांगितला, अंगठा सांगितला. हात जोडले. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवी, आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच : सोडली ती सोडली. मग त्यानं आणखी एक अर्धवट खरं काढलं, "मोठाई, ते औषध तुझ्या सुईतलं न्हवंच, निराळं हाय." ती हसली. "देवीला निराळं काय अवघड असतंय व्हय?"

तेवढ्यात मेळा आला. मंगळवार होता, आराधिणी धुरपताबाईकडं आरतीला जमत. कोंडाबाई, हरणाबाई, आणखी दोघी. देवीच्या परड्या खाली ठेवून बसल्या. योगीराज घायकुतीला येऊन कोंडाबाईंकडं वळला.

"मावशी, तुमीच सांगा हिला. देवीला चालतंय का असं? जीव जाईल."

कोंडाबाईंनी पानाला चुना लावत त्याला खालून वर न्याहाळलं. "शास्त्रज्ञसाहेब, आमाला इचारतूस? फेटा तुमाला बांधलाय. आमाला कुनी फडकं बी बांधलं न्हाय."

"मावशी..."

"ऐक. सोडलेली वस्तू धरायला एकच वाट हाय. ज्या शब्दावर सोडली त्यो शब्दच खोटा असला, तर सोडणं बी खोटं. देवी खोट्यावर काय घेत न्हाय. पर त्यो खोटा हाय हे ज्यानं शब्द दिला त्यानंच सांगायचं. आमच्यापुढं. आडून न्हाय, पडून न्हाय."

मोठाई म्हणाली, "कोंडे, माझा लेक खोटं कशाला बोलंल?"

योगीराजनं खिशातली सुई चाचपली. त्यानं सुरुवात केली, "तसं न्हाय... तपासणीत जरा चूक निघाली. खडे निघाले, पर औषधाचे न्हवते."

"मग कशाचे?" हरणाबाईंनी विचारलं.

"मिठाचे."

एक क्षण कुणाला कळेना. मग हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! म्हंजी भागवतरावांनी मिठाला फेटा बांधला!" बाकीच्या दोघी फुटल्या. "माझ्या बी बरनीला एक बांधा म्हनावं त्यास्नी!" "हायवेवर त्या निळ्या मिठाला मी हात जोडत व्हते गं रोज, मोटारीतनं!"

कोंडाबाई हसल्या नाहीत. पान दाढेला धरून म्हणाल्या, "चूक येगळी, खोटं येगळं. चुकीवर सोडलेली वस्तू देवीची ऱ्हाती. चूक व्हती का?"

इथं त्याला सुटता आलं असतं. चूकच होती म्हटलं असतं तर बाया हसल्या असत्या, आठवड्यात विसरल्या असत्या, आणि गावात मान तशीच राहिली असती. फक्त सुई देवीची राहिली असती. मोठाई त्याच्याकडं बघत होती, तो आता म्हणेल, हो, चूकच होती, या खात्रीनं.

"चूक न्हवती," तो म्हणाला. "मला ठाऊक व्हतं."

"कवा?"

"फेटा बांधायच्या आधी. उमरग्यात फोन आला. मीठ हाय म्हणून."

"अन् तरी बोललास?"

"व्हय."

हसणाऱ्या दोघी थांबल्या. हरणाबाईंच्या तोंडावरचा पदर तसाच राहिला. बाहेर दारात विरुपाक्ष उभा होता, त्यानं आपला मोबाईल उगाच खिशात घातला.

"मंग बोललास कशाला?" कोंडाबाईंनी आता हळू विचारलं.

माणसं होती, हलगी होती, फेटा होता, यातलं काहीच मोठाईच्या वाळलेल्या मनगटाकडं बघत सांगण्यासारखं नव्हतं. "चांगलं वाटलं," तो शेवटी म्हणाला. "समदे बघत व्हते. चांगलं वाटलं."

मोठाई बोलली ती त्याच्याशी नव्हे, परडीकडं बघून. "म्या समोर बसले व्हते. माझ्याकडं बघून बोलला त्यो."

तिनं कवड्यांची माळ डोळ्यांना लावली आणि पोटावरचं लुगडं सैल केलं. कोंडाबाईंनी विरुपाक्षला पिटाळून गावच्या आरोग्यसेविका आशाताईंना बोलावून आणलं. योगीराजनं खिशातली सुई पुढं केली. मोठाईनं ती त्याच्या हातातनं घेतली नाही. आशाताईंनी घेतली आणि टोचली. मोठाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. एवढी वर्षं अण्णा टोचत तेव्हा ती "हळू, मेंढरू न्हाय म्या" असं ओरडायची. आज आवाज काढला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. जळकोटात कुजबुजीला हायवे लागत नाही. किराणा दुकानात मीठ मागणाऱ्याला विचारू लागले, "साधं देऊ का सत्काराचं?" भागवतराव दोन दिवस शेतातच राहिले. योगीराज दाराबाहेर पडला की समोरची माणसं आधी हसायची आणि मग, त्याचं तोंड बघून, दुसरीकडं बघायची. हसणं परवडलं, दुसरीकडं बघणं नको वाटे.

त्याची सुट्टी अजून बाकी होती, आणि अण्णा मेंढरं घेऊन परत यायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंना दुसऱ्या वस्तीवर लसीकरण होतं. कोंडाबाई विचारपूस करायला आल्या होत्या. मोठाई चुलीपुढं, योगीराज दाराच्या चौकटीत.

"कोंडे," मोठाई म्हणाली, "त्याला इचार, आजची सुई कोन देनार?"

"म्या काय टपालखातं हाय व्हय?" कोंडाबाई म्हणाल्या. "त्यो काय बिदरात बसलाय? हितंच तर हाय."

"तूच इचार."

कोंडाबाईंनी सुस्कारा टाकला. "योगीराज, मोठाई इचारतीया, सुई कोन देनार."

"मी देतो," योगीराज म्हणाला.

मोठाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"त्याला म्हनावं दे," मोठाई म्हणाली. "पर माझ्या तोंडाकडं बघू नको म्हनावं."

हा निरोप पोचवायची गरज पडली नाही. योगीराज तिच्यापुढं गुडघ्यावर बसला, सुईवरचा मात्रेचा आकडा फिरवला, कातडी चिमटीत धरली आणि मान खाली घालून सुई टोचली. तोंडाकडं बघ असं तिनं बजावलं असतं, तरी त्याला ते जमलं नसतं.